फोटोच्या कडेचा माणूस

टाकेबाईंचं मूळचं काम शिवणाचं. बावीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मशीन चालवलं. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या कमरेचं माप त्यांना त्या माणसांपेक्षा जास्त खरं माहीत होतं, पण ते कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकून होतं. पुढे उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात वर न्यायचा नाही, ओढायचा नाही, ताणायचा नाही. टाकेबाई त्यांनाच विचारून आल्या, ‘‘मग काय नुसता लोंबता ठेवू, दाराच्या पडद्यासारखा?’’

त्यांच्या धाकट्या दिराचं फोटोचं दुकान होतं. तो एक दिवस जुना कॉम्प्युटर घेऊन आला आणि मशीनच्या जागी मांडून म्हणाला, ‘‘वहिनी, हे पण शिवणच आहे. लोक फोटो आणून देतात, आपण जोडायचे, खाली गाणं लावायचं, वर दोन ओळी लिहायच्या. स्लाइडशो म्हणतात त्याला. खांदा लागतच नाही.’’

खांदा नाही लागला, पण पहिले दोन महिने डोकं फार लागलं. त्यात सासूबाई त्याच खोलीत, खिडकीपाशी खाटेवर. त्यांचं म्हणणं, ‘‘मशीन होतं तेव्हा आवाज तरी यायचा, कळायचं सून कामाला आहे. आता नुसती टीव्हीसमोर बसते आणि विचारलं तर म्हणते, आई, मी कामात आहे.’’

टाकेबाईंना ते सगळं कळलं कधी, तर त्यांनी ते आपल्या भाषेत आणलं तेव्हा. पडद्याच्या खालच्या बाजूला जी लांबलचक पट्टी असते, टाइमलाइन, ती म्हणजे टेबलावर अंथरलेलं कापड. डावीकडून उजवीकडे फोटो मांडत जायचं. आणि टेम्प्लेट म्हणजे कागदाचा नमुना. कुणातरी हुशार माणसानं आधीच कापून ठेवलेला: इथे चार फोटो बसतील, इथे नाव येईल, इथे चित्र हळूहळू मोठं होईल. आपण फक्त कापड ठेवायचं. तयार नमुना सगळ्यांना होतो तो कुणालाच नीट होत नाही, हे टाकेबाईंना शिवणामुळे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

त्यांना अभिमान होता तो जोडाचा. माणसाचं आयुष्य काही एका पट्टीवर मावत नाही. माहेरचे फोटो एकीकडून येतात, सासरचे दुसरीकडून, नोकरीचे तिसरीकडून. प्रत्येकाची वेगळी टाइमलाइन करायची, वेगळं टेम्प्लेट लावायचं आणि शेवटी सगळ्या एका मोठ्या टाइमलाइनवर आणून जोडायच्या. बाकीच्यांच्या फिल्मला तिथे उचकी लागायची. रंग बदलायचा, गाणं दचकायचं. टाकेबाईंच्या फिल्मला कधी नाही. तपासायची त्यांची रीतही तशीच होती. फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या बघायच्याच नाहीत. एका जोडावरून दुसऱ्या जोडावर उडी मारायच्या. दोन सेकंद अलीकडचे, दोन सेकंद पलीकडचे. ‘‘मधलं काय बघायचं? कापड तर गिऱ्हाइकाचंच असतं,’’ असं त्या दिराला सांगायच्या.

तर एका सोमवारी शाळेतले ड्रॉइंगचे सर आले. शाळेचे शिपाई चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होते. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून पोरं त्यांना किल्लीकाका म्हणायची. पुढच्या शुक्रवारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये निरोप, आणि त्यात फिल्म दाखवायची. सरांनी पेनड्राइव्हमध्ये दर वर्षीचा शाळेचा ग्रुप फोटो आणला होता. टेम्प्लेटही त्यांनीच निवडून ठेवलेलं: भोवती सोनेरी चौकट, आणि प्रत्येक फोटो मध्यभागी संथपणे मोठा होत जाणारा.

‘‘एकदम डिग्निफाइड पाहिजे,’’ सर बजावून गेले.

‘‘काय पाहिजे म्हणाले?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘भारदस्त.’’

‘‘मग तसं बोलायला काय दुखत होतं?’’

दोन दिवसांनी किल्लीकाकांची बायको आली. नवरा किल्लीकाका झाला तेव्हा ती आपोआप किल्लीकाकू झाली, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं कापडी पिशवीतून घरचे फोटो काढून स्टुलावर मांडले. प्रत्येकाच्या मागे पेनानं वर्ष लिहिलेलं. टाकेबाईंनी ते स्कॅन करायला घेतले, आणि काकू बोलायला लागली.

‘‘तुम्हाला सांगते, चौतीस वर्षं मी एकच ऐकतेय. शाळेत जातो, शाळेत होतो, शाळेतून आलो. नळ फुटला, हे शाळेत. धाकट्याचा पाय मुरगळला, हे शाळेत. माझा भाऊ घरी आला, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे तर हे शाळेत. आणि मी एकदाही आत गेलेली नाही.’’

‘‘एकदाही नाही?’’

‘‘डबा विसरले की फाटकापर्यंत. आतून हात यायचा, डबा जायचा. आत कशाला जाऊ? त्यांचं काम, त्यांचे साहेब. पण आता संपलं ना ते. म्हटलं, एकदा बघू तरी, हा माणूस तिथे असतो कसा. तुम्ही दाखवाल ना?’’

‘‘दाखवते की,’’ टाकेबाई म्हणाल्या. त्यांना तेव्हा ते सोपं वाटलं.

त्यांनी तीन टाइमलाइन केल्या. शाळेची सोनेरी चौकटीतली, घरची दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये, त्यात लंबगोलात चेहरा अलगद उजळत येतो, आणि तिसरी पोरांनी लिहिलेल्या शुभेच्छांची. मग वर्षं जुळवून एकात एक विणायला सुरुवात केली. शाळेचे तीन, घरचा एक, पुन्हा शाळेचे दोन. पहिल्याच वेळी फजिती झाली. घरचे फोटो मधे सरकवल्याबरोबर शाळेचे सगळे पुढे सरकले, पण खालची नावं वेगळ्या पट्टीवर होती, ती जागच्या जागीच राहिली. मुख्याध्यापिका मॅडम खुर्चीत बसल्यात आणि खाली ओळ आली, ‘थोरलीचा पहिला दात’.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, ‘‘या वयात! नशीब काढलं बाईनं.’’

मग टाकेबाईंनी सगळ्या पट्ट्या एकमेकींना बांधल्या आणि पुन्हा जोडलं. सोनेरी रंग जरा उतरवला, घरच्या फोटोंचा जरा चढवला, म्हणजे कापड आणि अस्तर एकमेकांशी भांडणार नाहीत. जोडावरून जोडावर उड्या मारत तपासलं. पाण्यासारखी वाहत होती फिल्म. निरोपाच्या आधीच्या बुधवारी सकाळी त्यांनी काकूला बघायला बोलावलं.

काकू चष्मा पुसून स्टुलावर बसली. सतरा मिनिटं पडद्याला डोळे लावून होती. फिल्म संपली तशी म्हणाली, ‘‘छान झालंय हो.’’ पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

‘‘टाकेबाई, हे कुठे आहेत यात?’’

‘‘कुठे म्हणजे? घरच्या फोटोंत आहेत, शाळेच्या प्रत्येक फोटोत आहेत.’’

‘‘घरचे मी रोज बघते. शाळेतले कुठे आहेत?’’

टाकेबाईंनी एक ग्रुप फोटो लावला. ‘‘हे काय, अगदी उजवीकडे, शेवटचे. किल्ल्या दिसतायत.’’ त्या बोलत होत्या तोवर फोटो मोठा व्हायला लागला. मोठा व्हायचा तो मध्यभागी, आणि मध्यभागी खुर्चीत मॅडम. किल्लीकाका चौकटीच्या कडेला टेकले, अर्धे झाले, गेले. शेवटी पडदाभर नुसता मॅडमचा चष्मा. पुढचा लावला. तेच. त्याच्या पुढचा, तेच. चौतीस वर्षांचे चौतीस फोटो, आणि दर वेळी तो माणूस जेमतेम एवढासा दिसून हाकलल्यासारखा बाहेर.

‘‘मी शोधेपर्यंत ते निघून जातात,’’ काकू म्हणाली.

बरोबरच होतं ते. फोटोसाठी मैदानात बाकं आणायची त्यांनी, खुर्च्या ओळीत लावायच्या त्यांनी, पोरांना उंचीप्रमाणे उभं करायचं त्यांनी. सगळं जमलं की कुणीतरी म्हणायचं, काका, या तुम्हीही. मग उरलेल्या जागेत ते उभे राहायचे, आणि उरलेली जागा कडेलाच असते.

टाकेबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी जोड पाहिले होते. जोडावर फोटो अजून लहान असतो, सगळे दिसतात, किल्लीकाकाही दिसतात. जे काही होत होतं ते मधल्या चार सेकंदांत, आणि मधलं त्या बघतच नव्हत्या.

‘‘सदरा झकास शिवलास,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘माणूस आत घालायचा तेवढा राहिला.’’

‘‘आई, आता नको.’’

‘‘राहू दे हो,’’ काकू घाईनं म्हणाली. ‘‘उगाच तुमचा त्रास वाढायचा. लोकांना आवडेल. मला आपलं वाटलं होतं... राहू दे.’’

‘‘बसा खाली,’’ टाकेबाई म्हणाल्या. ‘‘राहू दे काय, राहू दे! उद्याचा पूर्ण दिवस आहे अजून. मी उसवते.’’

त्या दिवशी त्यांनी एकेक फोटो घेऊन झूमची दिशा हातानं फिरवली. मध्यभागी जाणारा झूम धरून कडेला आणायचा, किल्लीकाकांवर. अकरा झाले. खांदा कुरकुरला, पण टाकेबाई खूश होत्या. गुरुवारी सकाळी ड्रॉइंगचे सर काम कुठवर आलं बघायला आले आणि पहिल्याच फोटोला उभे राहिले.

‘‘हे काय? मॅडमचं अर्धं डोकं कापलंय!’’

‘‘काकांसाठी जागा केली.’’

‘‘अहो, या तेव्हाच्या मुख्याध्यापिका, मोठ्या मॅडम, उद्या येणार आहेत. पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्या समोर आणि वर त्यांचा एकच कान?’’

‘‘सर, निरोप कुणाचा आहे?’’

‘‘निरोप काकांचा आहे हो, पण फोटो सगळ्यांचा आहे.’’

टाकेबाईंच्या तोंडावर चांगलं उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं, कारण सरांचंही खोटं नव्हतं. एकाला आत घ्यायला त्यांनी चाळीस जणांना बाहेर काढलं होतं. मधे झूम केला तर किल्लीकाका जातात, कडेला केला तर शाळा जाते. इथेच घोडं पेंड खात होतं. सर गेल्यावर त्या माउसवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

‘‘बिघडलं का?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘माणूस दाखवायचा आहे, पण बाकीचं कापड कापायचं नाही.’’

‘‘मग कापू नकोस. वरून लाव. कोटाला खिसा लावतेस तो काय कोट कापून?’’

टाकेबाईंनी मागे वळून बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आपण काही विशेष बोललो असं त्यांच्या गावीही नव्हतं.

मग टाकेबाईंनी झूमच काढून टाकला. तोच फोटो दोनदा घेतला. एका पट्टीवर खाली पूर्ण फोटो, सोनेरी चौकटीत, जागचा न हलणारा. फक्त थोडा मंद केला. त्याच्या बरोबर वर, दुसऱ्या पट्टीवर तोच फोटो, पण घरच्या टेम्प्लेटमधल्या लंबगोलात, आणि लंबगोलात फक्त किल्लीकाका. खाली सगळी शाळा बसलेली, आणि कडेला एक चेहरा हळूहळू उजळतोय, मोठा होतोय. मॅडमचे दोन्ही कान शाबूत.

पहिल्या खेपेला लंबगोलाबरोबर त्या टेम्प्लेटची गुलाबी फुलंही आली. ते मुळात लहान बाळांसाठी केलेलं. मिशीवाले किल्लीकाका फुलांत.

‘‘गोड दिसतोय,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘ठेव तसाच.’’

फुलं एकेक करून काढली. एका फोटोत दोन टेम्प्लेट म्हटल्यावर कॉम्प्युटर तापला, दोनदा मधेच झोपला. दर फोटोला सेव्ह करत टाकेबाई पुढे सरकल्या. दुपारी त्यांनी काकूला बोलावून घेतलं, कारण सुरुवातीच्या वर्षांच्या फोटोंत किल्लीकाका कोण हेच कळेना.

‘‘हा नव्हे, हा कोण दुसराच मिशीवाला. हे बघा, हे इकडे. किती बारीक होते! मीच जेवायला घालत नव्हते असं वाटेल लोकांना.’’

एका फोटोत तर त्यांचं फक्त कोपर होतं आणि अर्धा जुडगा. बाकी सगळं फोटोच्या बाहेर.

‘‘हा गाळू या का?’’ टाकेबाईंनी विचारलं.

‘‘कशाला? कोपर त्यांचंच आहे. मी ओळखते.’’

मग कोपराला लंबगोल मिळाला.

शुक्रवारी सकाळी टाकेबाईंनी पूर्ण फिल्म पाहिली, मधलीसुद्धा, एक सेकंद न गाळता. सर आले, त्यांनीही पाहिली.

‘‘मॅडम पूर्ण आहेत?’’

‘‘पूर्ण आहेत.’’

‘‘मग माझी हरकत नाही.’’ पेनड्राइव्ह खिशात टाकून ते दारात घुटमळले. ‘‘टाकेबाई, एक बघितलंत का? मी पण कडेलाच असतो. डावीकडे.’’

‘‘तुम्ही निवृत्त कधी होणार?’’

‘‘सहा वर्षं आहेत.’’

‘‘मग तोवर मला वेळ आहे.’’

टाकेबाई एरवी आपली फिल्म बघायला कुठे जात नसत. पण काकू दुपारी तीनलाच दारात हजर. ‘‘चला ना बरोबर. मला एकटीला आत जायला कसंतरीच वाटतं.’’ फाटकापाशी तिचं पाऊल सवयीनं थांबलं. टाकेबाईंनी तिचा हात धरला आणि आत नेलं. काकू मान वळवून सगळं बघत होती. लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेल्या सायकली, नळांची रांग. ‘‘एवढं सगळं झाडायचे?’’ ती एकदाच म्हणाली.

हॉलमध्ये किल्लीकाकांना स्टेजवर खुर्ची दिलेली, आणि पडदा त्यांच्या मागे. म्हणजे ज्याची फिल्म त्याला सोडून सगळ्यांना दिसणार. सरांच्या ते लक्षात आलं, त्यांनी काकांना खाली काकूशेजारी आणून बसवलं. काका बसले ते खुर्चीच्या टोकावर. काम नसताना तिथे कसं बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

‘‘नीट बसा,’’ काकू म्हणाली.

दिवे गेले. पहिला फोटो आला. सगळी शाळा पडद्यावर, आणि उजवीकडे कडेला एक बारीक तरुण हळूहळू उजळत वर आला. मागून एका पोरीनं ओरडून सांगितलं, ‘‘किल्लीकाका!’’ दुसऱ्या फोटोला चारपाच जणी ओरडल्या. पाचसहा फोटोंनंतर सगळा हॉल फोटो आला की आधी कडा धुंडाळायला लागला, लंबगोल उजळायच्या आत कोण शोधतो बघू म्हणून. कोपर आलं तेव्हा टाळ्या पडल्या.

‘‘हा शर्ट मी घेतलेला,’’ काकू पुटपुटत होती. ‘‘हा पण मीच. इथे आजारी होतात तुम्ही, ताप होता, तरी गेलात. बघा, डोळे बघा कसे झालेत.’’

‘‘हळू,’’ काका म्हणत होते.

मग एक फोटो आला. सगळे काठ्या गिळल्यासारखे ताठ. कडेचा लंबगोल उजळला, आणि त्यात चेहरा पुसलेला, हललेला, तोंड उघडं. हसता हसता टिपलेला माणूस.

‘‘हे काय? हललात?’’

‘‘हललो,’’ काका म्हणाले.

पुढच्या रांगेतून मोठ्या मॅडमनी वळून बघितलं. ‘‘मला आठवतोय हा फोटो! यांनी बिघडवला. फोटोवाला म्हणाला, परत काढू. तर हे बाकं उचलायला लागलेसुद्धा. मी बसले होते ती खुर्चीही ओढली यांनी, मी उठायच्या आत!’’

सगळे हसले. काकू हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. काका आपल्या गुडघ्यांकडे.

‘‘कशानं एवढी घाई झाली होती?’’

‘‘ऑफिसात फोन आला होता ना,’’ काका हळूच म्हणाले. ‘‘क्लार्कनं खिडकीतून ओरडून सांगितलं, मुलगी झाली म्हणून. नेमकं तेव्हाच त्यानं बटण दाबलं.’’

वर फोटो बदलला. त्या वर्षीचा घरचा फोटो. दुपट्यात गुंडाळलेली थोरली, मुठी आवळून.

‘‘तुम्ही दवाखान्यात संध्याकाळी आलात,’’ काकू म्हणाली. ‘‘दिवे लागले होते.’’

‘‘बाकं आत न्यायची होती. उघड्यावर कशी टाकू? शाळेची बाकं ती.’’

‘‘किती होती?’’

‘‘बारा.’’

‘‘आणि मला इतकी वर्षं सांगताय, बस मिळाली नाही.’’

‘‘बस पण मिळाली नाही.’’

पडद्यावर पुढची वर्षं यायला लागली, पोरी ओरडत होत्या, कडेचा चेहरा थोडाथोडा पिकत चालला होता. काकूनं टाकेबाईंचा पदर ओढला.

‘‘तो मघाचा मला वेगळा काढून देता येईल का? भिंतीवर लावायला. फक्त हे, बाकी कुणी नको.’’

‘‘देते की,’’ टाकेबाई कुजबुजल्या. ‘‘पण त्यात चेहरा नीट नाही आलेला. चांगले दहा आहेत, त्यातला निवडून देते.’’

‘‘नको. बाकीच्यांत ते शाळेचे आहेत. मला हललेलाच द्या.’’

‘‘अगं, हळू बोल,’’ काका म्हणाले. ‘‘मॅडमना ऐकू जाईल.’’

‘‘जाऊ दे,’’ काकू म्हणाली.